अपूर्णांकांचा गेम मुलं आवडीनं खेळतात, पण अपूर्णांक येत नाहीत: काय बदलायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहात. स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं साधन) चांगलं येतं, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडंफार येते. पाचवी-सहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी अपूर्णांकांचा गेम केलाय: वर ‘१/२ + १/३’ असं गणित येतं, खालून चार फुगे वर जातात आणि बरोबर उत्तराचा फुगा फोडायचा. शेजारची मुलं तासभर खेळली. मग तेच गणित वहीत दिलं, तर बहुतेकांनी २/५ लिहिलं. आता तुम्ही विचारताय की युनिटी शिकावं की गोडो (दोन्ही गेम बनवायची सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन), म्हणजे गेम सुधारेल.

इंजिनबद्दल खाली सांगतोच, पण गेम अडलाय तो इंजिनपाशी नाही. एक साधी चाचणी करून बघा. तुमच्या गेममधली अपूर्णांकांची गणितं काढा आणि त्या जागी इतिहासातल्या सनावळ्या घाला. गेम जसाच्या तसा चालेल, एक ओळही बदलावी लागणार नाही. म्हणजे मुलांना जी मजा येते ती फुगा फोडण्यात आहे आणि गणित हे त्या मजेच्या दारावरचं तिकीट आहे. तिकीट जितकं स्वस्तात मिळेल तितकं मूल स्वस्तात घेतं. चार फुगे आहेत, चुकीचा फोडला तर काही बिघडत नाही, तेव्हा चारही फोडून टाकणं हा सगळ्यात शहाणपणाचा डाव ठरतो. त्यात मुलांचा काही दोष नाही. गेमनं जे शिकवलं तेच ती शिकली.

हे सगळ्याच विषयांना लागू नाही, हेही सांगायला हवं. पाढे पाठ आहेत पण आठवायला वेळ लागतो, अशा ठिकाणी हवा असतो तो निव्वळ सराव, आणि तिथे फुगे फोडण्याचा गेम चांगलं काम करतो. जे आधीच समजलंय ते पटकन आठवायला लावणं त्याला जमतं. जे समजलेलंच नाही ते समजावणं त्याला जमत नाही. अपूर्णांकांची बेरीज ही पाचवीतल्या बऱ्याच मुलांसाठी दुसऱ्या प्रकारातली गोष्ट आहे.

या फरकावर झालेलं एक संशोधन तुम्हाला उपयोगी पडेल. हॅबगूड आणि एन्सवर्थ यांनी २०११ साली ते प्रसिद्ध केलं. त्यांच्या गेममध्ये अंगावर संख्या लिहिलेले सांगाडे येतात आणि खेळणाऱ्यानं त्या संख्येला नि:शेष भाग जाईल असं हत्यार निवडून त्यांना पाडायचं असतं. दुसऱ्या आवृत्तीत लढाई तीच, पण भागाकाराची गणितं लेव्हल संपल्यावर प्रश्नमंजूषेसारखी वेगळी विचारली होती. भागाकार लढाईच्या आतच असलेल्या आवृत्तीत मुलं जास्त शिकली, आणि दोन्हींतली हवी ती खेळा म्हटल्यावर तिच्यावर सुमारे सातपट वेळ खेळली. तुमचा फुग्यांचा गेम दुसऱ्या जातीचा आहे. त्याला पहिल्या जातीचा करायचा, एवढंच काम आहे. पण तेच अवघड आहे.

अपूर्णांकांची बेरीज म्हणजे लांबी जोडणं असं धरून चाललो तर खेळ आपोआप सुचतो. बऱ्याच जणांना पहिल्यांदा सुचतो तो साकव: ओढ्याची रुंदी ५/६, तुमच्याकडे १/२, १/३, १/४ अशा फळ्या, आणि बरोबर बसतील अशा फळ्या टाकायच्या. कल्पना चांगली वाटते, पण पहिलंच मूल म्हणेल, “मोठी फळी टाकली तर काय झालं? दोन्ही काठांवर टेकेल की!” आणि त्याचं खरं आहे. खऱ्या ओढ्यावर लांब फळीच बरी असते. जास्त झालं तरी चूकच, हा नियम मग बाहेरून लादल्यासारखा होतो आणि मूल गणित सोडून तुमच्या नियमाशी भांडत बसतं. म्हणून असं जग निवडा जिथे कमीही चालत नाही आणि जास्तही चालत नाही. मी रेल्वेचा तुटलेला रूळ घेईन. तुकडा कमी पडला तर चाक खाली जातं. जास्त झाला तर तो दोन रुळांच्या मध्ये बसतच नाही, त्याचं टोक पुढच्या रुळावर चढतं आणि गाडी थांबते. दोन्ही चुका बघताक्षणी कळतात, समजावून सांगाव्या लागत नाहीत.

तर खेळ असा: रुळात फट आहे आणि तिच्यावर पाटी आहे, ५/६. गोदामात पाच तुकडे आहेत. हवे ते ओढून फटीत मांडायचे आणि हिरवा झेंडा दाखवायचा. गाडी सुटते.

याच्या आत एक सापळा आहे, आणि शैक्षणिक गेम करणारे हमखास त्यात अडकतात. तुकडे तुम्ही त्यांच्या खऱ्या लांबीत काढून गोदामात ठेवले, तर मूल नजरेनं लांबी जुळवतं. आकडा वाचायची गरजच पडत नाही. गेम छान चालतो, मूल सगळ्या लेव्हल पार करतं आणि अपूर्णांकाला हातही लागलेला नसतो. यावर उपाय सोपा आहे. गोदामात तुकडे टोकाकडून दाखवा, म्हणजे सगळे सारखे दिसतील आणि प्रत्येकावर फक्त त्याचा आकडा असेल. फटीत ठेवल्यावरच तो त्याच्या खऱ्या लांबीत उलगडावा. अशानं प्रत्येक वेळी मुलाला आधी अंदाज करावा लागतो आणि मग लगेच खरं काय ते डोळ्यांना दिसतं. अंदाज आणि दिसणं यांच्यात तफावत पडते तिथे मूल थबकतं. सगळा गेम त्या थबकण्यासाठी आहे.

आता तुमच्या २/५ कडे येऊ. वरचे आकडे वर मिळवायचे, खालचे खाली, ही अपूर्णांकांतली सगळ्यात चिवट चूक आहे. तिचा एक गुणधर्म गेमसाठी फार कामाचा आहे. दोन अपूर्णांकांचे अंश मिळवून आणि छेद मिळवून जो अपूर्णांक येतो, तो नेहमी त्या दोघांच्या मधला असतो. १/२ आणि १/३ वरून आलेला २/५ हा १/३ पेक्षा मोठा आणि १/२ पेक्षा लहान. म्हणजे ही चूक करणाऱ्याचं उत्तर त्यानं घेतलेल्या मोठ्या तुकड्याहूनही लहान येतं! मग लेव्हल अशी करा: फट २/५, गोदामात १/२, १/३, १/५, १/५. वर-वर, खाली-खाली करणारं मूल आत्मविश्वासानं १/२ उचलेल. तो उलगडला की एकटाच फटीबाहेर जाईल. १/३ ला हात लावायच्या आधीच. कुणी काही सांगितलेलं नाही, लाल फुली नाही, ‘पुन्हा प्रयत्न करा’ नाही. रूळच सांगतो की तुकडा जोडून लांबी कमी कशी होईल?

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘१२ मोठा, म्हणून १/१२ मोठा’. तिच्यासाठी फट १/३ ठेवा, तिच्यात १/४ आधीच बसवलेला असू द्या, आणि गोदामात १/२, १/८, १/१२ द्या. उरलेली जागा थोडीशीच दिसते. छेदाला भुलणारं मूल ‘सगळ्यात लहान’ म्हणून १/२ उचलतं आणि तो धाडकन बाहेर जातो. प्रत्येक लेव्हल अशीच लिहायची: आधी चूक ठरवायची, मग ती चूक करणाऱ्याला मोहात पाडेल असा तुकडा गोदामात ठेवायचा. लेव्हल संगणकाकडून रँडम काढून घेण्याचा मोह आवरा. निदान पहिल्या २० लेव्हल हातानं लिहा.

सुरुवातीच्या चार-पाच लेव्हलमध्ये आकड्याशेजारी ‘पाव’, ‘अर्धा’, ‘पाऊण’ असे शब्दही घाला. मराठी मुलाच्या कानावर पाव किलो, पाऊण तास, दीड वाजता हे शाळेच्या आधीपासून पडलेलं असतं. पूर्वी तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढेच होते. १/४ ही परकी खूण ओळखीच्या शब्दाला बांधली गेली की अर्धी भीती जाते. पाचव्या लेव्हलनंतर शब्द काढून टाका.

कोडला हात लावण्याआधी हे सगळं पुठ्ठ्यावर खेळवा. पूर्ण एकक २४ सेंटिमीटरचं धरा. मग १/२ म्हणजे १२, १/३ म्हणजे ८, १/४ म्हणजे ६, १/६ म्हणजे ४, १/८ म्हणजे ३ आणि १/१२ म्हणजे २ सेंटिमीटर. १/५ मात्र ४.८ येतो, तो काळजीपूर्वक कापा. पट्ट्या दोन सेंटिमीटर रुंद कापा आणि घडी घातलेल्या कागदाच्या पाकिटात ठेवा, पाकिटावर फक्त आकडा लिहा. दोन पुस्तकं ५/६ म्हणजे २० सेंटिमीटर अंतरावर ठेवली की फट तयार. अर्ध्या दिवसाचं काम आहे. जी लेव्हल पुठ्ठ्यावर कंटाळवाणी वाटते ती स्क्रीनवरही कंटाळवाणीच होते, फक्त ते कळायला तीन आठवडे लागतात.

आता इंजिन. मुलं तुमचा गेम कशावर खेळणार, यावर हे अवलंबून आहे. शाळेतल्या जुन्या संगणकावर ब्राउझरमध्येच खेळणार असतील आणि तुम्हाला महिन्याभरात दाखवायचं असेल, तर स्क्रॅचमध्येच करा, त्यात कमीपणा काही नाही. स्क्रॅचचा मंच ४८० बाय ३६० चा असतो, तेवढ्यात हा खेळ मावतो. घरच्या अँड्रॉइड फोनवर खेळणार असतील तर गोडो घ्या. तो मुक्तस्रोत आहे, फुकट आहे, डाउनलोड लहान आहे, आणि त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा पायथनसारखी दिसते, त्यामुळे तुमची चार पावलं वाचतील. युनिटी पुढे नोकरीसाठी उपयोगी पडेल, ती नंतर शिका. या गेमसाठी गोडो घेण्याचं आणखी एक ठोस कारण आहे: देवनागरी. गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून अक्षरजुळणीसाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरली जाते, त्यामुळे जोडाक्षरं नीट जुळतात. तिसऱ्या आवृत्तीत ती विस्कटायची, आणि युनिटीत अक्षरं दाखवायला सर्रास वापरल्या जाणाऱ्या टेक्स्टमेशप्रोतही ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. म्हणून जुना व्हिडिओ बघून गोडो ३ बसवू नका.

फॉन्ट मुक्त परवान्याचा घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे मुक्ता किंवा बलू चालतील, बलू मुलांच्या गेमला जास्त शोभतो. फॉन्ट लावल्यावर ‘शिल्लक, वर्तुळ, पुऱ्या, क्षेत्रफळ’ एवढे चार शब्द स्क्रीनवर टाकून बघा. ‘शि’ची वेलांटी, ‘र्तु’चा रफार, ‘ऱ्या’चा अर्धा र आणि ‘क्ष’ हे चारही बरोबर दिसले तर पुढे जा. लेबलच्या भाषेच्या रकान्यात मराठीचा संकेत भरा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत तिथे तेच येतील. अपूर्णांक मात्र तिरकी रेघ मारून लिहू नका. पुस्तकात अंश वर, मध्ये आडवी रेघ, छेद खाली असतो, गेममध्येही तसाच हवा. उभ्या कंटेनरमध्ये एक लेबल, चार पिक्सेल उंचीची पट्टी आणि दुसरं लेबल, असा ‘अपूर्णांक’ नावाचा एक वेगळा सीन (गोडोतला पुन्हा पुन्हा वापरता येणारा संच) करून ठेवा आणि सगळीकडे तोच वापरा. अंकांसाठीही एक छोटं फंक्शन लिहा, जे सेटिंगप्रमाणे देवनागरी किंवा इंग्रजी अंक देईल. सेमी-इंग्रजीच्या मुलांना गणितात दुसऱ्या प्रकारचे अंक हवे असतात, आणि नंतर पन्नास ठिकाणी बदल करत बसायला नको.

कोडमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय लांबी कशी साठवायची हा आहे. दशांशात साठवू नका. ०.३३३३ आणि ०.१६६६ मिळवून ०.५ आलं का असं विचारलं, तर संगणक कधी हो म्हणेल, कधी नाही, आणि बरोबर उत्तर दिलेल्या मुलाची गाडी खाली जाईल. त्याऐवजी पूर्ण एकक १२० भागांचं धरा. २, ३, ४, ५, ६, ८, १० आणि १२ या सगळ्या छेदांनी १२० ला नि:शेष भाग जातो, त्यामुळे प्रत्येक तुकडा पूर्णांकात बसतो: १/२ म्हणजे ६०, १/३ म्हणजे ४०, १/५ म्हणजे २४. ७ आणि ९ पहिल्या आवृत्तीत नकोत. ते हवेच असतील तर १ ते १० चा लसावि २५२० येतो, तो आधार घ्यावा लागेल. स्क्रीनची मूळ रुंदी १२८० पिक्सेल ठेवून एकक ७२० पिक्सेलचं करा. मग एक भाग बरोबर ६ पिक्सेल होतो आणि दीड एककाची फटही १०८० पिक्सेलमध्ये मावते.

पायथनवरून येणाऱ्याला एक ठेच ठरलेली असते. पायथनमध्ये १ भागिले ३ केलं की दशांश मिळतो. जीडीस्क्रिप्टमध्ये दोन्ही पूर्णांक असतील तर उत्तरही पूर्णांकच येतं, म्हणजे शून्य. त्यामुळे ‘अंश भागिले छेद गुणिले १२०’ लिहिलंत तर सगळे तुकडे शून्य लांबीचे होतील. ‘१२० गुणिले अंश भागिले छेद’ असं, गुणाकार आधी ठेवून लिहा. दुसरी ठेच जेसनची, म्हणजे माहिती साठवायच्या मजकुराच्या फाइलची. लेव्हल जेसन फाइलमध्ये लिहिल्या तर गोडो त्यातला प्रत्येक आकडा दशांश म्हणून वाचतो. वाचल्या वाचल्या पूर्णांकात बदलून घ्या, नाहीतर पाटीवर ‘३.०’ अशी अक्षरं दिसू शकतात.

गाडीला भौतिकशास्त्राच्या इंजिनवर सोडू नका. वेगात आलेली गाडी छोटी फट उडी मारून ओलांडेल, दुसऱ्या फोनवर त्याच फटीत अडकेल, आणि बरोबर-चूक गाडीच्या नशिबावर ठरेल. निकाल बेरजेनं ठरवा: मांडलेल्या तुकड्यांचे भाग मिळवले, फटीतून वजा केले, शून्य आलं तर बरोबर. गाडीचं पडणं किंवा पलीकडे जाणं हे फक्त त्या निकालाचं चित्र आहे, ते ट्वीन (ठरलेल्या वेळात वस्तू इथून तिथे नेणारी सोय) वापरून हलवा.

ओढण्याचा कोड लिहिताना एक बग जवळजवळ सगळ्यांना येतो. बोट भरभर हललं की तुकडा मागे राहतो किंवा हवेत लटकतो. कारण तुम्ही बोट उचलल्याची खबर तुकड्याच्या एरियाकडून (स्पर्श ओळखणाऱ्या चौकटीकडून) घेत असता आणि बोट तोवर त्या एरियाबाहेर गेलेलं असतं. बोट टेकल्याची खबर एरियाकडून घ्या, पण हलल्याची आणि उचलल्याची खबर सबंध स्क्रीनच्या इनपुट फंक्शनमध्ये घ्या. शिवाय ज्या बोटानं तुकडा उचलला त्याचा क्रमांक लक्षात ठेवा, कारण मुलं दुसऱ्या हाताचा अंगठा स्क्रीनवर टेकवतातच. तुकडा फटीच्या जवळ सोडला की आधीच्या तुकड्याला चिकटून बसवा, पिक्सेल जुळवायला लावू नका. परीक्षा बेरजेची आहे, बोटाच्या नेमाची नाही. पकडायची जागा कुठेही ९ मिलिमीटरपेक्षा लहान ठेवू नका. १/१२ चा तुकडा ६० पिक्सेलचा, साधारण १५ सेंटिमीटर रुंद स्क्रीनवर सात मिलिमीटरचा होतो, म्हणून त्याची स्पर्शाची चौकट चित्रापेक्षा मोठी करावी लागेल.

गेमच्या चार अवस्था ठरवा: मांडणी, धाव, निकाल, पुढची लेव्हल. धाव चालू असताना स्पर्श बंद. हे राहिलं तर पहिल्याच दिवशी एखादं पोरगं धावत्या गाडीखालून तुकडा ओढून काढेल. प्रकल्प उघडताना रेंडरर (स्क्रीनवर चित्र काढणारा भाग) ‘कम्पॅटिबिलिटी’ निवडा, जुन्या फोनवर तोच चालतो. ब्राउझरसाठी काढायचा असेल तर ४.३ किंवा पुढची आवृत्ती घ्या आणि थ्रेड बंद ठेवून निर्यात करा, नाहीतर सर्व्हरवर वेगळे हेडर लावल्याशिवाय पान उघडणार नाही.

लेव्हल तपासायला मुलं लागतात, पण त्याआधी कोड लागतो. पाच तुकड्यांचे रिकामा सोडून ३१ गट होतात. सगळे गट तपासणारी छोटी स्क्रिप्ट लिहा आणि प्रत्येक लेव्हलला चार प्रश्न विचारा. एक, उत्तर आहे का आणि किती प्रकारे आहे? दोन किंवा तीन प्रकारे असेल तरी डोळे मिटून जमण्याची शक्यता दहात एकीच्या आसपास राहते. तुमच्या फुग्यांत ती चारात एक होती. दोन, वर-वर, खाली-खाली करणाऱ्याला बरोबर वाटेल असा गट गोदामात आहे का? नसेल तर ती लेव्हल त्या चुकीला हातच लावत नाही. तीन, ‘बसेल तो सगळ्यात मोठा तुकडा आधी’ एवढ्या एका युक्तीनं लेव्हल सुटते का? काही लेव्हल अशा सुटू द्या, पण काहींत ती युक्ती फसायला हवी. उदाहरणार्थ फट २/३, तुकडे १/२, १/३, १/३, १/८. मोठा आधी म्हणून १/२ घेतला, मग १/८ घातला, तरी १२० पैकी ५ भाग उरतात. बरोबर उत्तर १/३ आणि १/३. चार, सगळ्यात जवळचा चुकीचा गट किती भागांनी चुकतो? पाचपेक्षा कमी असेल तर लेव्हल बदला. पाच भाग म्हणजे ३० पिक्सेल, फोनवर साडेतीन मिलिमीटर. त्याहून बारीक फट मुलाच्या पटकन लक्षात येत नाही, आणि लक्षात न आलेल्या चुकीतून काही शिकता येत नाही.

वेळेचं घड्याळ लावू नका. घड्याळ लागलं की विचार करणारं मूलही अंदाज ठोकायला लागतं. गाडी पहिल्यांदा पडली तर उरलेली फट वेगळ्या रंगात दाखवा आणि गप्प राहा. दुसऱ्यांदा पडली तर फटीवर समच्छेदाच्या खुणा उमटू द्या, म्हणजे ५/६ च्या फटीवर सहाव्या भागाच्या रेघा. १/२ म्हणजे तीन रेघा आणि १/३ म्हणजे दोन, हे तिथे दिसतं, आणि लसावि काढायचा तो कशासाठी हे तिथेच कळतं. तिसऱ्यांदा पडली तर एक तुकडा बसवून द्या. गुण कापू नका.

शेवटचा भाग चाचणीचा. पाच-सहा मुलं पुरेत, पण एकेक बसवा. दोघं बसली की हुशार मूल खेळतं आणि दुसरं बघतं. खेळायच्या आधी कागदावर सहा गणितं द्या. त्यात १/२ + १/३ असू द्या, पण १/४ + २/३ सारखं गेममध्ये न आलेलंही असू द्या, आणि दोन प्रश्न ‘मोठा कोणता’ असे ठेवा. २० मिनिटं खेळू द्या आणि तोंड बंद ठेवा. हे फार कठीण जातं, मदत करायला हात शिवशिवतात. झेंडा दाखवण्याआधी फक्त एकदा विचारा, “आता काय होईल?” मग तशीच सहा गणितं आकडे बदलून, आणि आठवड्यानं पुन्हा एकदा. पहिल्या कागदावर कितींनी वर-वर, खाली-खाली केलं आणि शेवटच्या कागदावर कितींनी, ही एक संख्या तुमच्या प्रकल्प अहवालात सगळ्यात वजनदार ठरेल.

मुलांची नावं, फोन नंबर, लॉगिन यातलं काहीही गेममध्ये घेऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. ‘खेळाडू ३’ एवढी ओळख पुरते. नोंद फोनमध्येच फाइलमध्ये ठेवा आणि केबलनं उतरवून घ्या.

त्या नोंदीत काय लिहायचं, तर लेव्हल, वेळ आणि घटना. बहुतेक जण फक्त झेंडा आणि निकाल नोंदवतात. ‘तुकडा ठेवला’ आणि ‘तुकडा काढला’ या दोन घटनाही नोंदवा. २/५ च्या लेव्हलमध्ये एखाद्या मुलानं १/२ ठेवला, दहा-बारा सेकंद काहीच केलं नाही, मग स्वतःहून तो काढून १/५ उचलला, तर झेंड्याच्या नोंदीत फक्त ‘पहिल्याच प्रयत्नात बरोबर’ एवढंच दिसेल. ते मूल आधी काय समजत होतं आणि कुठे थांबलं, हे त्या दहा-बारा सेकंदांवरूनच कळेल. पुढची लेव्हल कुठली लिहायची तेही तिथूनच ठरवा.